पत्र्याखालची जमीन

इंटर्नशिपच्या पहिल्या सकाळी माझ्या अंगावरचं लोखंड उतरवण्यातच अर्धा तास गेला. केसांतल्या पिना, ओढणीच्या सेफ्टी पिना, पर्सची साखळी, चपलेतले खिळे, आणि चारचौघांत ज्यांचं नाव घेत नाहीत ते हूक. आमचे सर हातात यंत्र धरून माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. आकडा हलला की ते मान हलवायचे आणि मी पुन्हा गाडीमागे जाऊन काहीतरी काढून यायचे. शेवटी केसांना सुती दोरा, ओढणीला गाठ आणि पायांत रबरी स्लिपर अशा अवतारात मला बघून सर म्हणाले, "आता तू स्वच्छ आहेस." आमच्या लोकांना हे प्रमाणपत्र सहजासहजी मिळत नाही, म्हणून मी ते मनातल्या मनात जपून ठेवलं. तेव्हा मला असल्या गोष्टींचं हसू यायचं.

ही दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी कलबुर्गीला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि दोन महिन्यांची इंटर्नशिप केल्याशिवाय शेवटचं सत्र पुरं होणार नव्हतं. हैदराबादच्या एका कंपनीला बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांची ड्रोनने पाहणी करायचं काम मिळालं होतं. जमिनीखालच्या खडकाचं चुंबकत्व जागोजागी थोडंथोडं बदलतं. ते हवेतून मोजलं की खाली काळा पाषाण कुठे सलग आहे, कुठे फाटला आहे, कुठे त्यात दुसरा खडक भिंतीसारखा उभा घुसला आहे, याचा अंदाज येतो. पाणी अशा फटींच्या आसऱ्याने असतं. मोजणी झाली की रंगीत नकाशा काढायचा, त्यावर बोअरचे पॉइंट दाखवायचे आणि तो तालुक्याच्या ऑफिसला द्यायचा, एवढं ते काम.

वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुलं होती. निवड माझी झाली ती भाषेमुळे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, अशा तीन भाषा मी एका दमात बोलते. सर हैदराबादचे, हिंदीत इंग्रजी मिसळून बोलणारे. गावात ड्रोन उडवायचा तर लोकांना समजावणारं कुणीतरी इथलंच हवं, असं त्यांनी कॉलेजला सांगितलं होतं. मी मात्र घरी सांगितलं की मला गुणांवर घेतलं. बाबा शाळेत मास्तर, त्यांनी शाळेत पेढे वाटले.

आम्ही हुमनाबादला हायवेवरच्या लॉजमध्ये उतरलो होतो. सर, ड्रोन उडवणारा पायलट आणि मी. दिवसभर लॉरींचा धुरळा खिडकीतून आत यायचा आणि खालच्या ढाब्यावरचा तडका दुपारी बारापासून नाकात बसायचा. आम्ही पहाटे निघायचो, कारण नऊनंतर वारा सुटला की ड्रोनच्या पोटाखाली दोरीने लोंबणारं यंत्र झोके घ्यायला लागायचं आणि मोजणी वाया जायची. माझं काम दोन प्रकारचं होतं. गावात शिरताना लोकांना सांगायचं, "पाणी बघायला आलोय, भिऊ नका." आणि मग एका तिपाईवर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राजवळ बसून राहायचं. पृथ्वीचं चुंबकत्व दिवसातही कमीजास्त होतं, ते हे जमिनीवरचं यंत्र टिपत असतं. त्याच्या आसपास लोखंड येऊ द्यायचं नाही. मोटारसायकल, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, खुरपं, विळा, काही नाही. थोडक्यात, मी बाभळीखाली बसून लोकांना हाकलायचं काम करायची, आणि विज्ञानाच्या नावाखाली करायची म्हणून कुणी उलट बोलायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही ज्या गावाला गेलो, ते माझ्या आत्याचं गाव. हुमनाबादपासून अर्ध्या तासावर, कलबुर्गी जिल्ह्याला टेकलेलं. बाबांची ही थोरली बहीण. आमचं घर खटकचिंचोळीकडचं, स्लॅबचं, दारात नळ असलेलं. आत्याचं घर गावाबाहेर बौद्धवस्तीत, पत्र्याचं. लहानपणी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे दोन दिवस राहायची आणि तिसऱ्या दिवशी रडून परत यायची, कारण तिथं अंघोळीला एक तांब्या पाणी मिळायचं. आत्या कधी रागावली नाही. मला बसमध्ये बसवून द्यायची आणि म्हणायची, "पाणी आलं की ये ग बाई."

वस्तीत एक हातपंप आहे. पावसाळ्यात तो पाणी देतो आणि होळीपर्यंत खोकायला लागतो. मग टँकर येईल तेव्हा टँकर, नाहीतर अप्पांची पाण्याची मोटार. अप्पा म्हणजे वस्तीला लागून ज्यांचं शेत आहे ते. मोठा शेतकरी, बोलायला गोड, वस्तीला पाणी देणारा एकमेव माणूस. त्यांच्याकडे पाणी घ्यायची एक रीत आहे. आधी त्यांची जनावरं पितात, मग त्यांचा गडी पाइपाचं तोंड कुंपणावरून बाहेर धरतो आणि बाया खाली घागरी लावतात. पाइप वस्तीतल्या बाईने धरायचा नसतो. कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही, कुणी तसं बोलतही नाही, पण आत्याने चाळीस वर्षांत तो पाइप एकदाही धरलेला नाही.

स्वतःच्या बोअरसाठी वस्तीतल्या बायांच्या बचतगटाने कितीतरी वर्षांपूर्वी अर्ज केलेला होता. आत्या त्यातली पुढारी. नारळ हातावर घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यालाही त्यांनी बोलावलं होतं आणि त्याने विहाराच्या मागची जागा दाखवली होती. तालुक्याच्या ऑफिसात हे सांगितल्यावर साहेब हसले म्हणे. "नारळावर बोअर पडत नसते, शास्त्रीय पॉइंट निघू द्या," म्हणाले. म्हणून आत्या शास्त्रीय पॉइंटची वाट बघत बसली होती, आणि तो घेऊन तिची भाची आली.

माझं तिपाईवरचं यंत्र अप्पांच्याच शेतात लागलं होतं. अप्पांनी आम्हा तिघांना सारखाच चहा पाजला, सारख्याच कपात. मी कंपनीची माणूस होते ना. आत्या मला भेटायला आली ती बांधाच्या पलीकडेच उभी राहिली. मी सगळ्यांनाच बांधाबाहेर थांबवत होते म्हणून, की सवयीने, ते मी विचारलं नाही.

"का माय, पिना कुटं गेल्या? केस असे दोऱ्यानं कामून बांधलीस?"

"लोखंड चालत नाही आत्या. आकडे बिघडतात."

"एवढ्याशा पिनेनं?"

"एवढ्याशा पिनेनं."

ती विचारात पडली. मग आकाशाकडे बघून म्हणाली, "आमच्यावरून बी जाईल का ग ते?"

"जाईल की. शिवाराचा एक कोपरा सोडत नाहीत," मी म्हणाले. हे सांगताना माझी छाती फुगली होती, ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो. मला कुणी विचारलं नव्हतं की कोपरे ठरवणारी तू कोण.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरून ड्रोन जायचा होता. आम्ही सकाळी पोचलो तर वस्तीच्या खालच्या कोरड्या ओढ्यात बाजार मांडल्यासारखं दिसत होतं. पायलट म्हणाला, "मॅडम, ये क्या बाजार लगाए ये लोगां?" मी जवळ गेले. लोखंडी खाटा, पत्र्याच्या पेट्या, एक गोदरेजसारखं दिसणारं कपाट, तवे, विळे, खुरपी, सायकली, एक शिलाई मशीन, बाळंतिणीच्या खोलीतला पाळणा, विहारातला लाउडस्पीकर. वस्तीने घरातलं एकूण एक लोखंड तांबडं फुटायच्या आत उचलून ओढ्यात आणून ठेवलं होतं. बाया केस दोऱ्याने बांधून उभ्या होत्या. म्हाताऱ्यासुद्धा. माझ्या एका वाक्यावर.

सरांना ते फार आवडलं. त्यांनी फोटो काढले. आत्याने सरांना "जयभीम" केला, सरांनी "नमस्ते" केलं, आणि सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात वस्तीतले एक तात्या माझ्यापाशी आले. वयाने सत्तरीचे, एका डोळ्याला मोतीबिंदू. त्यांनी अगदी हळू विचारलं, "पोरी, पत्रे बी लोखंडाचेच हायत. उतरवावं का? तासाभरात उतरवतोत आमी."

मी हसले. मोठ्याने हसले. आजूबाजूच्या बायाही हसल्या, तात्याही ओशाळून हसले. "राहू द्या तात्या," मी म्हणाले, "एवढं काही नाही."

एवढं काही नाही हे मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. उलट, पत्र्याची छपरं मोजणीत सगळ्यात जास्त धिंगाणा घालतात हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण घड्याळात सात वाजले होते, वारा सुटायच्या आत ड्रोनच्या फेऱ्यांच्या रेघा संपवायच्या होत्या, आणि सगळ्या वस्तीची छपरं उतरवून ठेवलेली कशी दिसतील या कल्पनेचीच मला लाज वाटली. सरांसमोर आमचे लोक वेडे दिसायला नको होते. त्या पिकल्या मोतीबिंदूच्या माणसाला माझ्या आख्ख्या वर्गापेक्षा जास्त भूभौतिकी त्या दिवशी कळत होती आणि मी त्याला हसले. ड्रोन वस्तीवरून गेला, परत आला, पुन्हा गेला. बाया हात जोडून बघत होत्या. नऊच्या आत सगळं आटोपलं आणि त्या पुन्हा कपाटं उचलायला लागल्या.

नंतरचे दोन आठवडे लॉजच्या खोलीत गेले. मोजणीचे आकडे लॅपटॉपवर घेऊन साफ करायचे. जिथे विजेच्या तारा, मोटारी, पत्रे, तिथे आकड्यांचे सुळके उभे राहतात. खालच्या खडकाचा आवाज त्यात ऐकू येत नाही. या शास्त्रात त्याला कल्चरल नॉइज म्हणतात, म्हणजे माणसांच्या वस्तीने केलेला गोंगाट. सरांनी मला शिकवलं की उपग्रहाच्या चित्रावर अशा जागेभोवती माउसने कुंपण घालायचं आणि एक बटण दाबायचं. आतला भाग पांढरा होतो. मग उरलेल्या आकड्यांवरून सुंदर रंगीत नकाशा तयार होतो. मी हे काम झटपट शिकले. माझी कुंपणं स्वच्छ यायची, वेडीवाकडी नाही. सर म्हणाले, "तुझा हात चांगला आहे."

आत्याची वस्ती स्क्रीनवर आली तेव्हा मी ती ओळखली. न ओळखायला काय झालं? विहाराचं छप्पर, मागच्या दोन चिंचा, ओढा. सुळके तर असे होते की त्यांच्यापुढे शेजारची मोटार काहीच नाही. मी वस्तीभोवती कुंपण घातलं. कडेला थोडा गोंगाट राहत होता म्हणून ते बोटभर आणखी मोठं केलं, विहाराच्या मागची जागाही त्यात घेतली, आणि बटण दाबलं. मला वाटलं, इथे पुढे जमिनीवरून दुसऱ्या पद्धतीने मोजतील. कुणी तसं म्हणालं नव्हतं, पण ते मी धरून चालले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी चौथीत पाठ केली होती. दांड्याला ती पाठ असून काही फरक पडत नाही.

गावाची मधली घरंही पांढरी झाली होती, हे खरं. सळ्या, मोटारसायकली, सगळं तिथेही आहेच. पण त्या घरांच्या मालकांची शेतं बाहेर पसरलेली होती आणि ती नकाशात निळी, हिरवी, तांबडी अशी ठळक उमटली. तिघांच्या शेतांत पॉइंट निघाले, त्यांत एक अप्पांचं. वस्तीतल्या लोकांची शेतं नाहीत. त्यांच्याकडे जी काही जमीन आहे ती त्यांच्या पत्र्यांच्या खाली आहे.

हे माझ्या लक्षात आलं ते नकाशा छापून हातात आल्यावर. मी सरांना विचारलं, "पांढऱ्या भागात जमिनीवरून कधी मोजणार?"

सर म्हणाले, "ते आपल्या कामात नाही."

"तिथे माणसं राहतात, सर. त्यांचा अर्ज आहे बोअरचा. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडून मोजता येतं, मी शिकलेय. एका दिवसाचं काम आहे."

"येतं ना. पण काम ड्रोनचं आहे. अहवालात लिही की हा भाग मोजणीयोग्य नव्हता. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच लिही." आणि मग जरा थांबून, खरोखर आपुलकीने, "निकाल लागला की मला फोन कर. तुझ्यासारखी मुलगी आम्हाला हवी आहे."

मी ते वाक्य लिहिलं. एकच ओळ, पानाच्या अगदी तळाशी. वाईट माणूस भेटला असता तर मी भांडले असते. सर वाईट नव्हते, हीच पंचाईत होती.

महिन्याभराने आत्याचा फोन आला. मी कलबुर्गीच्या बसस्टँडवर उभी होते. आदल्या दिवशी पंचायतीत नकाशा भिंतीला लावून दाखवला होता म्हणे. तालुक्याचा इंजिनिअर आला होता. कुणीतरी विचारलं, हे पांढरं काय? दुसऱ्या कुणीतरी आपणहून सांगितलं, पांढरं म्हणजे कोरडं. इंजिनिअरला पुढच्या गावी जायचं होतं, त्याने मान हलवली. अहवालातली माझी ओळ कुणी वाचली नाही. वाचली असती तरी इंग्रजीत होती.

"मंजी आमच्या खाली पाणीच न्हाई मनायलेत," आत्या म्हणाली. "तू होतीस ना तितं. खरं हाय का ग?"

मला एवढंच म्हणायचं होतं की नाही आत्या, खोटं आहे, तुमच्या खाली काय आहे ते कुणी बघितलंच नाही. पण मग ती विचारणार होती, का नाही बघितलं? मग पत्रे निघाले असते, तात्या निघाले असते, माझं हसणं निघालं असतं, आणि ते कुंपण कुणी घातलं हेही निघालं असतं. शिवाय सर्टिफिकेट अजून यायचं होतं आणि नोकरीचा शब्द मिळालेला होता. हे सगळं माझ्या डोक्यात एखाद्या श्वासाइतक्या वेळात झालं. बिदरची बस लागली होती आणि कंडक्टर ओरडत होता.

"तसंच आलंय आत्या," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

नोकरी लागली. अजून त्याच कंपनीत आहे. आता मी स्वतः इंटर्नच्या केसांतल्या पिना काढायला लावते आणि माझ्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर कुंपणं घालते. अप्पांनी आपल्या शेतातली एक पट्टी पंचायतीला बक्षीस दिली आणि सरकारी बोअर तिथे पडली. पाणी चांगलं लागलं. अप्पांचा सत्कार झाला, आणि त्यांनी काही लबाडी केली असं मी म्हणू शकत नाही, एक पॉइंट त्यांच्या शेतात निघालाच होता. पाइप अजून कुंपणावरूनच बाहेर येतो. बाबांनी हे सगळं मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाले, "तुझ्या कामाचा गावाला उपयोग झाला बघ." मी हो म्हणाले. हो म्हणायची मला आता चांगलीच सवय झाली आहे.

बाबांनीच सहज आणखी एक गोष्ट सांगितली. बचतगटाने बोअरचा अर्ज मागे घेतला होता.

त्या रात्री जेवण गेलं नाही वगैरे मी लिहिणार नाही. जेवण गेलं. पण महिन्याभरानंतरच्या एका रविवारी मी त्या गावाला गेले. जाण्याआधी तालुक्याच्या ऑफिसला मी स्वतः पत्र लिहून पाहिलं होतं. वस्तीची फेरमोजणी करा, असं. उत्तर आलं की मागणी रहिवाशांची हवी, आणि आधीचा अहवाल का पुरेसा नाही याचं कारण त्यात लिहिलेलं हवं. म्हणून मीच अर्ज तयार करून नेला होता. कन्नडमध्ये, व्यवस्थित. ड्रोनच्या पाहणीत आमची वस्ती पत्र्यांमुळे वगळण्यात आली, आमच्या जमिनीखाली पाणी नाही असं कोणत्याही मोजणीत सिद्ध झालेलं नाही, सबब फेरमोजणी व्हावी.

आत्या दारात ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पत्रे, तात्यांना हसणं, लॉजची खोली, बटण, इंग्रजीतली ओळ, बसस्टँड. सांगताना मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. आधी तिला वाटलं की मी तिचं मन राखायला बोलते आहे. मग हळूहळू तिचा हात सुपात थांबला.

"ते कुंपण तूच घातलीस?"

"हो."

"आमी हितं राहतोत हे ठावं असून?"

"हो, आत्या."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं मला फार वाटत होतं. तिने शेजारच्या दोघी बायांना हाक मारून बोलावलं. गटातल्याच होत्या. मला म्हणाली, "वाच ते कागद." मी अर्ज वाचून दाखवला, मराठीत करून सांगितला. एकीने विचारलं, "मग आमी अर्ज उगंच मागं घेतला का?" मी हो म्हणाले. ती आत्याकडे हात करून म्हणाली, "अक्काच मनाली, आपल्या पोरीनं मोजलंय, न्हाई तिथं न्हाई, सरकारला उगं तरास कामून द्यायचा."

आत्याने तिला हाताने गप्प केलं. मला विचारलं, "हे तालुक्याला गेलं की तुझ्या कंपनीला विचारतील?"

"विचारतील."

"कुणी केलं मनून विचारतील?"

"विचारतील. मी सांगेन मी केलं."

"नोकरी?"

मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं खोटं होतं, आणि ते तिला दिसलं.

"आपल्यातली शिकून नोकरीला लागलेली पोरगी एकच हाय," आत्या म्हणाली. "तिनं खोटं मोजलं मनून आमीच अंगठे लावून लिहून देऊ का? आन त्या अप्पाच्या दारात वाचून दाखवतील ते. न्हाई बाई. पाणी काय, चाळीस वर्षं आणलंच की."

मी म्हणाले, असं नको करू. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. दोघी बायांनी आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघींनीही माना हलवल्या. आत्याने अर्जाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. त्या वेळी मला जे वाटलं ते सुटल्याचं वाटणं होतं, दुसरं काही नाही. मी तो कागद पुन्हा तिच्यापुढे केला नाही.